इराईदाचे आवाज

आता तुम्हीच सांगा, मंगळवारी सकाळी अकरा वाजता माणूस ओट्याशी उभा राहून तळलेली कच्ची केळी वाटीच्या बुडाने चेपतोय, आणि फोन वाजतो, आणि एक बाई अगदी इस्त्री केलेल्या आवाजात म्हणते, "मिस्टर किन्योनेस? मी हॉस्पिटलमधून बोलतेय, तुमच्या बहिणीबद्दल…" आणि तिथेच थांबते. यात माणसाला संशय येईल की नाही?

संशय कसला, हे तुम्हाला इराईदा माहीत नाही म्हणून विचारताय. म्हणजे नाव माहीत नसेल, पाहिलीय तुम्ही नक्की. सिनेमात दार उघडून "साहेब घरात नाहीत" म्हणते ना, ती. पंचावन्न वर्षं काम केलं माझ्या बहिणीने. आमच्या ब्रॉन्क्समधल्या चर्चच्या तळघरात देवदूत झाली, मग ब्रॉडवेवर मागच्या रांगेत नाचली, मग सिनेमात सतरा मोलकरणी, चार नन, मुलांच्या कार्यक्रमात आठ वर्षं एका घोरपडीचा आवाज, आणि मायामीच्या मालिकेत अशी काही सासू की बाजारात बायका तिला कोथिंबीर देईनात. जन्म इथलाच, ब्रॉन्क्सचा, आणि आडनाव बघून दिग्दर्शक म्हणायचे, "बाई, जरा तिकडच्यासारखं बोला." तिकडचं म्हणजे कुठलं, ते त्यांनाही ठाऊक नसायचं. मग ती कधी मेक्सिकोचं बोलायची, कधी क्यूबाचं, कधी आमच्या प्वेर्तो रिकोतल्या मावशीचं… आणि हे आवाज आधी घासून कुणावर बघायची? माझ्यावर. फोनवरून.

"एफ्रा," म्हणायची, "ओळखलं नाहीस तर एकच शब्द म्हणायचा. फसलो."

बाकी लोकांना बक्षिसं हवी असतात, हिला माझ्याकडून तो एक शब्द हवा होता. आणि मीही तिचाच भाऊ. दिला नाही.

त्यापायी माझं काय झालं, तुम्हाला सांगतो. फोन वाजला की संशय. टॅक्स ऑफिसच्या खऱ्या बाईंना मी म्हटलं, "इरा, नाकातून कमी बोल." खऱ्या पाद्रीबुवांना म्हटलं, "खोकला जास्त होतोय, खोटा वाटतो." रविवारी प्रार्थनेला त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी बायको नोएमी म्हणते, "तुला उद्या देवाचा फोन आला तरी तू चुका काढशील."

बरं, आदल्याच आठवड्यात इराईदा म्हणाली होती, "एका नाटकात म्हातारी नर्स मिळतेय मला." छातीत दुखतंय, दाखवून येते, असंही म्हणाली होती. पण मला नर्सच लक्षात राहिली. यात माणसाला संशय येईल की नाही?

तर ती फोनवरची बाई थांबली, तेव्हा मी म्हटलं, "इरा, इथे फार थांबलीस. प्रेक्षक खोकायला लागतील."

मग ती म्हणाली, "सर, तुमच्या बहिणीचं आज सकाळी निधन झालं."

मी म्हटलं, "निधन जरा घाईत म्हटलंस, पण आवाज छान लावलायस. पुढे?"

ती म्हणाली, "सर, घरात तुमच्याजवळ कुणी आहे का?"

आणि मी, तुम्हाला सांगतो, मी म्हटलं, "हे वाक्य मात्र झकास आहे. कुणी लिहिलं?"

नोएमीने माझ्या हातून फोन घेतला. नुसतं ऐकलं आणि गॅस बंद केला.

शेवटच्या दर्शनाला गेलो तर तिथेही माझं तेच. पडद्यावर सहा वेळा शवपेटीत पाहिलेली बाई. मालिकेत तर मेल्यावर दोन महिन्यांनी जुळी बहीण होऊन परत आली होती. मी पायाशी उभा राहून तिच्या पापण्यांकडे टक लावून बघतोय, हलतात का. नोएमी हळूच म्हणते, "एफ्रा, पुढे सरक, मागे रांग आहे." यात माणसाला…

जाऊ दे.

खरं सांगायचं तर एकदा ती जिंकली होती. तीस वर्षांपूर्वी एका बाईचा फोन आला, कुठल्याशा वर्तमानपत्रातून, इराईदा किन्योनेसवर लेख लिहितेय म्हणाली. चक्क वीस मिनिटं बोललो मी. म्हटलं, बाई, या शहरात तिच्या तोडीची नटी नाही. ती नुसतं दार उघडते आणि आतल्या साहेबांपेक्षा तीच लक्षात राहते. लहानपणी मला वाटायचं, माझी बहीण एकटी नाहीच, घरात पंधरा जणी आहेत. असं काहीबाही, जे माणूस बहिणीला तोंडावर कधी सांगत नाही.

संध्याकाळी इराईदा दारात. "काय, ओळखलंस?"

मी म्हटलं, "पहिल्याच वाक्यात."

तिचं तोंड एवढंसं झालं. मग हसली आणि म्हणाली, "तरीच. मी म्हटलं, एवढं कौतुक कसं काय?" आणि ताट वाढून घेतलं.

म्हणजे बघा, मी खरं बोललो ते तिने थट्टा समजून सोडून दिलं, आणि खोटं बोललो ते तेवढं खरं धरलं. पुढे तीस वर्षं दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची, माझ्यासमोरच बसायची.

मी तिला ओळखलं नव्हतं. हे सांगायचं राहून गेलं.