पंधराचा बल्ब

माझं माहेर बहादरपूरचं, घरची केळी, आन माले दिलं बुऱ्हानपुरात, मेळ्यामेळ्यात चित्रं दाखवनाऱ्या मानसाले. पत्र्याची पेटी, समोर भिंग, मधी स्लाइड, मतलब पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवेल रंगीत फिल्म, आन तिच्या मागं बल्ब. इच्छापूरच्या मेळ्यात लोकं भिंगाले डोळा लावून ताजमहाल पाहात. आमचे मालक वारले तं पेटी मंग मीच चालवली. काय सांगू तुमाले, सारा खेळ बल्बाचा. झीरोचा लावला तं देव काळे दिसत, चाळीसचा लावला तं पेटी तापे आन फिल्म वाकडी होये. पंधराचा दुधी, तोच खरा. तोही मधी मधी बंद करायचा, पत्र्यावर हात ठेवून पाहायचं, हात ठरत नसला तं गिऱ्हाइकाले म्हनायचं, थांबा भाऊ.

त्या स्लाइडात एक माझ्या मायची व्हती. मालकानंच काढेल. केळीच्या बागात, हिरवं लुगडं, हासून राह्यली. मायचा दुसरा फोटोच नाई. ती मी मेळ्यात कधी लावली नाई, घरीच पाहू.

मायचं वर्षश्राद्ध आलं तं माझा मोठा भाऊ, दादा, म्हने पेटी आन, सगळ्या भाऊबंदाले माय दाखवू. मी नेली. म्हनलं दादा, पंधराचाच राहू दे. तं म्हने, मायले काय अंधारात बसवते का, लोकं काय म्हनतील. मी पानं वाढाले गेली तं यानं साठचा लावला, आन तसाच चालू ठेवून पंगतीत जाऊन बसला. वास आला तवा मी धावली. मायचं तोंड फुगून फुटेल व्हतं, लुगड्याचा काठ तेवढा राह्यला.

आन दादा काय म्हनला? जुनीच व्हती, आज ना उद्या जानारच व्हती. वरून म्हने पाहुन्यापुढं रडू नको. वहिनी म्हने बुंदी घ्या. मी पेटी उचलली आन न जेवता निघाली. त्या दिवसापासून त्याच्याशी बोलनं बंद.

आता एलईडी आले, तापतच नाई. नात म्हनते आजी, लाव ना. लावू कोनासाठी? मेळ्यात ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल.

परवा एका लग्नात दादा समोर आला. दात पडले त्याचे, गाल बसले, आन कोनाशी तरी बोलता बोलता हासला तं एकदम माय. मी तोंड फिरवलं. मंग चोरून पुन्हा पाह्यलं. काय करू, माय पाहायची तं आता त्या मेल्याच्याच तोंडाकडं पाहा लागते. जगो बापा, शंभर वर्षं जगो.