झाकणाची बादली

अहो नाही मावशी, मासे पळवायला नाही आलो — टाका ना तुम्ही गळ, टाका — मी आपला इथं या दगडावर बसतो, गप्प — म्हणजे गप्प बसणं मला जमत नाही, शाळेतल्या बाईंनी तसं घरी लिहूनच पाठवलंय — पण हळू बोलतो. एवढंच विचारायचं होतं, एक माणूस दिसला का हो? उंच, कोरं करकरीत निळं जाकीट, बूट इतके नवे की चालताना कुरकुरतात — आणि त्याच्याबरोबर एक पोरगी, सहा वर्षांची, पिवळी टोपी? नाही? बरं. येतीलच. मी पुढं आलो ना. तंबू माझ्या पाठीवर, खाणं त्याच्या सॅकमध्ये, आणि सिग्ने — माझी बहीण ती — तीपण त्याच्याबरोबर. अर्ध्या तासाचंच अंतर होतं. म्हणजे, तीन तासांपूर्वी अर्ध्या तासाचं होतं.

प्रेबेन त्याचं नाव. ऑस्लोचा. आईचा — काय म्हणायचं — आईचा प्रेबेन. आईला दवाखान्यात ड्युटी, तर हा म्हणाला, मी नेतो पोरांना वर तळ्यावर, एक रात्र तंबूत काढू, आमची गट्टी जमेल. गट्टी! बाबा न्यायचे तेव्हा असलं कोणी बोलायचं नाही, सॅक भरायची आणि सुटायचं. बाबा आता बर्गनला, त्यांची गट्टी आता तिकडं. असो. तर वाटेत मी काय केलं, याच्या घड्याळाची भाषा बदलून फिनलंडची करून टाकली — हसलात! हसलात की, बघितलं मी! — नकाशा दाखवणारं घड्याळ, महागातलं, आणि त्यावर एक अक्षर कळेना त्याला. वाटलं, आता ओरडेल. तर 'भारी रे ओस्मुन' म्हणाला, घड्याळ काढलं, सॅकच्या तळाशी टाकलं, म्हणाला, 'आता तूच माझा नकाशा.' असं कोणी बोलतं का? ओरड ना लेका! ओरडला असता ना, तर मी तिथंच थांबलो असतो.

कुठं थांबलो असतो म्हणजे — काही नाही. तुमची बादली छान आहे. झाकणाची. मासे धरायला घट्ट झाकणाची बादली — मी काही विचारत नाही हं! ऑगस्ट आहे, दलदलीत मुल्टं, ती रानबोरांसारखी फळं, पिकून नारिंगी झालीत, आणि ज्याची दलदल त्याला ठाऊक. आमच्या आजोबांनी त्यांची जागा आजीलापण नाही सांगितली. मरताना पाद्री आला, म्हणाला, मनात काही राहिलंय का — तर भिंतीकडं तोंड करून झोपले. शप्पथ! मुल्टं पिकली की पहाटेच उठायचे आणि वाटेवरच्या लगोऱ्या हलवायचे — त्या खुणेच्या हो, दगडावर दगड रचलेल्या — इथनं उचलून भलतीकडं, की परगावचे लोक भलतीकडं. म्हणायचे, मुल्ट्यांसाठी मारलेली थाप देव मोजत नाही. त्यांच्या मागं मागं फिरून मलापण येतं ते.

काय बघताय? हा? बूट आहे. लहान मुलीचा, हो. चांदण्या आहेत त्यावर, चिखलानं दिसत नाहीत.

तीनच हलवल्या मी. तीनच! सपाट खडकापाशी वाट वळते ना, तिथल्या उचलल्या आणि दलदलीच्या अंगाला रचल्या. वीस पावलं गेला असता, गुडघ्यापर्यंत रुतला असता, नव्या बुटांची वाट — मी धोंड्यामागनं व्हिडिओ काढणार, आईला दाखवणार, बघ तुझा प्रेबेन — आणि मग हाक मारणार, अहो साहेब, इकडं इकडं. बस, एवढंच. चिखल लागला की माणूस माघारी फिरतो ना? कोणीपण फिरेल. हा नाही फिरला. सिग्नेचा पाय रुतला तर तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि गेला पुढं — कारण पुढं लगोरी दिसत होती ना, तिसरी. माझ्यावर भरवसा म्हणून नाही हो, दगडांवर भरवसा म्हणून गेला. आणि धुकं आलं. कोणी वरनं घोंगडी टाकावी तसं आलं. मी अजून हसतच होतो. मग हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग धावत गेलो, तर चिखलात हा बूट उभा. एकटाच. आत मोजापण. वाटलं, तळ्यावर पोचले असतील, म्हणून धावत इथं आलो — तर इथं तुम्ही आणि तुमचा गळ. फोन लागत नाही, खाली उतरायचं तर दोन तास.

शिट्टी? आहे की. तिच्या गळ्यात आहे. चुकलीस तर बसल्या जागी बसायचं आणि तीनदा फुंकायचं, तिला पाठ आहे, झोपेतपण सांगेल. पण — सकाळपासून माझ्या कानात वाजवत होती हो, पी पी पी, डोकं उठलं — म्हणून जेवताना मी शिट्टीत चीज भरलं. आपलं तपकिरी, चिकट. काडीनं दाबून दाबून भरलं. म्हणजे ती आता कुठंतरी एकाच पायात बूट, अशी बसून फुंकत असेल, तीनदा, मग परत तीनदा, आणि तिला वाटत असेल की मी ऐकतोय.

मावशी. तुमच्या गुडघ्याला काळा चिखल आहे. या काठाला नुसता खडक आहे, इथं एवढा चिखल कुठनं लागणार? बोटं नारिंगी आहेत. गळाला आमिषपण नाही, मघापासून बघतोय मी. तुम्ही तिकडनंच आलात. आणि ते सांगितलं तर जागा कळेल, म्हणून गप्प आहात. कळतं हो मला, मी त्याच आजोबांचा नातू! मला नको तुमची जागा. ही टोपी डोळ्यांवर ओढतो, हाताला धरून न्या मला आंधळ्यासारखं. फक्त सांगा, दिसले का?

दिसले! कधी? बोलला तुमच्याशी? काय म्हणाला? तळं कुठं आहे — एवढंच? आणि तुम्ही — कुठं? मोठ्यानं बोला ना. ओढ्याकडं? तुम्ही ओढ्याकडं बोट केलंत? मावशी, त्या ओढ्यापलीकडं तळं नाही, कडा आहे.

काय? परत म्हणा. 'पाणी लागलं की माघारी फिरतील असं वाटलं.'

हो. मलापण तसंच वाटलं होतं.

उठा ना मग. मी नाही काही म्हणत तुम्हाला, मी कोण म्हणणारा! गळ पडू दे. ही तुमची बादली, धरा — नको? अहो, काठोकाठ भरलीय, इथं उघड्यावर कोणीपण —

मावशी, तुम्ही बादली टाकून पळताय.

थांबा. आलो. आलो.