पितरांची वाटी

हसू नका गं, पण माझ्या नातीचं लग्न मी बर्फाच्या एका खड्यावर ठरवलं.

पोरगा आमच्या कोळीवाड्यातला नाही, पलीकडच्या इंद्रलोकच्या टॉवरमधला. घरात सगळ्यांना पसंत, मीच अडून बसले होते. मग मला पटवायला रविवारी दुपारी बाटली घेऊन आला. जिन म्हणे, पण रंग कोऱ्या चहासारखा.

"आजी, ही लाकडी पिंपात मुरलीये. सोडा घालायचा नाही. बर्फाचा एकच खडा, आधी वास घ्यायचा, मग घोट घोट प्यायची."

मी म्हटलं, "आमचा म्हातारा चाळीस वर्षं लाकडी होडीत मुरला. त्याला मासळीबिगर कसला वास न्हाय आला!"

मग बाटलीच हातात घेतली. "आमच्या घरात पहिली धार पितरांची हाय."

पोरगा कंजूष आहे की काय, तेच बघायचं होतं. त्याच्या तोंडाकडे बघत वाटीत ओतत गेले. सासऱ्याला एक धार, म्हाताऱ्याला एक, दिराला एक, दिराच्या मेहुण्यालाही एक. नात डोळे वटारत होती, "आजी, बास ना!" पोरगा मात्र हात जोडून बसलेला.

वाटी भरली. "पितरांना ठेवून येते," म्हणत स्वयंपाकघरात शिरले आणि दार लोटलं.

ओट्याला टेकून पहिला घोट घेतला, तोच दारावर टकटक. दारात तोच, हातात चमचा, चमच्यात बर्फाचा खडा.

"आजी, पितर बर्फ न घेताच गेले."

मी वाटी पुढे केली. खडा पडला, तशी म्हटलं, "पितर म्हनतात, तारीख काढा."