कॅमेऱ्यातला जंत

माझे काका वाडीत डॉक्टर आहेत. त्यांच्या जुन्या मायक्रोस्कोपला मी माझा कॅमेरा बसवून दिला. दोन्हींना जोडणारी रिंग लेथ मशीनवर करून घेतली. पहिल्याच पेशंटच्या शौचाच्या तपासणीत पडद्यावर जंत दिसला, काकांनी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना जंत, तोही अगदी त्याच कोपऱ्यात. मला काही कळेना. मी मायक्रोस्कोपखालची नमुन्याची काचपट्टी काढली, तरी जंत तिथेच.

"काका, हा कॅमेऱ्यातला धागा आहे."

काकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्या पहिल्या, गुजराती पेशंटचा डभोई गावाहून फोन आला. "साहेब, तमारी गोळीथी पेटमां एकदम आराम छे."

फोन ठेवून काकांनी पुन्हा पडद्यावरच्या त्या धाग्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हा पुसायचाच का रे?"