धुण्याच्या खोलीतले तीन स्विच

—नाही, नाही, दार लाव आधी, मग काय ओरडायचं ते ओरड. हे ना? हे नेटवर्कचे स्विच, रुटगेर. तीन. घोंघावतायत ते त्यांचे पंखे. तूच ना फेब्रुवारीत माझ्या दारावर चिठ्ठी डकवलीस — ‘कृपया दिवसभर व्हॅक्यूम क्लीनर चालवू नये’, खाली सही, सोसायटीचा अध्यक्ष — एवढी मोठी? व्हॅक्यूम नव्हता, हेच होते. मग आणले खाली. इथं मशीन कपडे पिळायला लागलं की विमान उतरलं तरी कुणाला कळायचं नाही. कपडे? कुठले कपडे? …गेलं बघ तोंडातून. बरं, ऐक मग. साऱ्या इमारतीला धुण्याची खोली ही एकच, तरी आठवड्याला तीन पाळ्या लावते मी तिच्या, आणि एक मोजासुद्धा धूत नाही. झालं समाधान? गोथेनबर्गमधला माणूस एक वेळ बायकोला फसवेल, पण धुण्याची पाळी फुकट घालवायचा नाही — माहितीय मला! म्हणून तर ते दोन नंबरचं मशीन रिकामंच फिरवत ठेवते. जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं, काय बाई टापटिपीची आहे ही गुनेल!

हसू नकोस. हसलास ना? गालातल्या गालात हसलास. परवा, गुरुवारी, परीक्षा आहे माझी. बंदरावरच्या कचेरीत एकवीस वर्षं हेच डबे सांभाळतेय, आणि नवा साहेब — वय एकतीस, ऐन थंडीत बुटात मोजे नाहीत — म्हणतो, ‘गुनेल, तुला सगळं येतं गं, पण प्रमाणपत्र कुठाय?’ शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र नाही, तर माझी खुर्ची दुसऱ्याला. दुसऱ्यांदा बसतेय मी. …तिसऱ्यांदा. माझ्या सख्ख्या बहिणीला बोलले नाहीये, तुला कशाला सांगतेय कोण जाणे. भीती वाटते रे. झोपेतसुद्धा कमांडा पुटपुटते.

म्हणून सराव. सराव म्हणजे काय — तर पुसणं. हे एका शाळेनं भंगारात काढलेले, आत कुणाचा तरी जुना पासवर्ड. मग वायर उपटायची, हे पुढचं बटण दाबून धरायचं, धरल्या धरल्या वायर परत खुपसायची, दिवा लुकलुकला की बोट काढायचं. आतलं सगळं पुसायचं, नव्यानं मांडायचं, परत पुसायचं. चारशे वेळा केलं असेल. फक्त एक फाईल वेगळी असते — कोणी कुणाशी बोलायचं त्याची यादी असते तिच्यात — ती सगळ्याबरोबर पुसली जात नाही, तिला वेगळी पुसावी लागते. नवखे हमखास विसरतात. मी? मी कुठं म्हटलं मी विसरले?

बरं बाबा, विसरले. रविवारी. मला एक धडा बघायचा होता, इंटरनेट हवं होतं, आणि त्या पाळ्या लावायच्या स्क्रीनखाली सोसायटीच्या नेटवर्कचं एक भोक रिकामं दिसलं — घातली तार. तुमचा तळघरातला स्विच म्हणजे भोळा सांब, लावल्यापासून कुणी दोन शब्द शिकवलेले नाहीत त्याला. माझ्या डब्यातली यादी जास्त वेळा बदललेली, म्हणजे हाच वडीलधारा असं समजून त्यानं स्वतःची यादी टाकून दिली आणि याची घेतली. झालं! स्क्रीन आंधळी. तीन दिवस कुणालाच पाळी लावता येत नाहीये, तिसऱ्या मजल्यावरचे दोघं म्हणे टबात चड्ड्या धुतायत. मला वाईट वाटतंय, खरंच — बरं, थोडंसं वाटतंय.

तोंड मीट, माशी जाईल. काय? सभा? उद्या संध्याकाळी? माझी पाळीच बंद, आणि हे डबे आत्ताच्या आत्ता उचलायचे? परीक्षेच्या आदल्या दिवशी? …खुशाल बोलाव सभा. फक्त त्यात नऊ नंबरच्या घराचाही विषय घेऊ. आल्ग्रेनबाईंच्या. त्या जाऊन दोन वर्षं झाली, घराला कुलूप, भाचे अजून भांडतायत — आणि इथं स्क्रीनवर, ती आंधळी होईपर्यंत, दर रविवारी चार ते सात, नंबर नऊ! मेलेली बाई धुणं धुते म्हणजे कमालच की नाही? आणि स्क्रीनला टेकवून पाळी लावायची त्यांची चकती कुणाकडं जमा झाली होती रे? अध्यक्षांकडं ना? बाई धुतात तरी काय, म्हणून मी वाळवायच्या कपाटात डोकावले. निळ्या चौकड्यांचे शर्ट. एकाच्या कॉलरला चुकीचं बटण, हिरवं. …हात काढ कॉलरवरचा. आत आलास तेव्हाच दिसलं मला.

अरे, मी कुणाला सांगतेय? तळघरातल्या कपाटाची किल्ली तेवढी दे. वीस मिनिटांत तुमची यादी जागेवर बसवते, दुरुस्तीला तुम्ही बोलावलेल्या माणसाला सांग की आपोआप झालं, तो मान डोलावेल. ठेव इथं, झाकणावर.

आता जा, रुटगेर, माझा वेळ चाललाय. आणि जाताजाता दोन नंबरचं मशीन लाव, मघाशीच थांबलंय. …रिकामंच. हो, तूच लाव. रिकामंच.