मुन्सिफची खुर्ची

— हनुवटी वर. आणखी. हां — आणि हे कोणी शिकवलं तुम्हाला, की संगणकाच्या खेळात हेर शत्रूच्या शहरात पोचला रे पोचला की कारखाना उडवायचा? हेदीने? हेदीच्या डोक्याने खेळायचं तर मास्तर, सरळ पत्ते कुटा. अहो, पहिल्याच चालीत हात घातला की हेर पकडला जातो, वर समोरचा सावध होतो. गणित शिकवता ना पोरांना? हेर पेरायचा कधी? दोस्ती असते तेव्हा! भांडण झाल्यावर वेशीतून आत कोण घेतं? नेऊन ठेवायचा आणि विसरायचं. वीस-तीस चाली नुसतं बसू द्यायचं, त्याची बढती होते, शहर सवयीचं होतं — मग आपली फौज वेशीला लागली की त्याच चालीला तट पाडायचा. आदल्या चालीला पाडलात तर समोरचा परत बांधून घेतो. आणि सगळ्यात तयार हेर आपल्याच राजधानीत राखणीला. पण अख्ख्या स्फाक्स शहरात हे कोणाला कळत असेल तर शपथ! तो लसाद — एकाच शहरात तीन हेर पाठवतो, लग्नाला निघाल्यासारखे.

गाल फुगवा. माझे? माझा एकही पकडला गेला नाही, चार वर्षांत. अनुभव, दुसरं काय! रोज दुपारी दुकान बंद करून आम्ही चौघं त्या एका संगणकावर खेळतो — एकाने चाल खेळायची, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून कॉफी प्यायची, मान वळवायची नाही. हा आमचा कायदा. मी कधी वळवली नाही, देवाशपथ. मी इथं उभा, कात्र्या पुसत, भिंतीकडेच तोंड. आता भिंतीवर आरसा आहे, त्याला मी काय करू? न्हाव्याच्या दुकानात आरसा नसणार तर काय असणार? — उलटं दिसतं? तीस वर्षं या गावाची तोंडं मी उलटीच बघतोय, नकाशाचं काय घेऊन बसलात!

हलू नका, वस्तरा आहे हातात.

मुन्सिफ, हो, समोरचा मसालेवाला. खेळात माझा त्याच्याशी तह होता. आणि खेळाबाहेर — माझी बायको गेली तेव्हा चाळीस दिवस माझं जेवण त्याच्या घरून आलं. त्याच्याच राजधानीत मी हेर आठ महिने झोपवून ठेवला, आणि एका चालीत तट, विहीर, कोठार — तिन्ही! काय डाव होता तो! मुन्सिफ हसला. हसला हो! म्हणाला, तिजानी, तुझ्याकडून शिकावं. मी फुगलो. दुसऱ्या दिवशी हेदीची चाल चालू होती, तर मीच म्हटलं, मुन्सिफ, भिंत काय बघतोस, ये, दाढी करून देतो. मीच! गाढव! इथं बसवला, तुम्ही बसलात तिथं, अर्ध्या तोंडाला फेस — आणि समोर आरशात हेदीचा अख्खा नकाशा.

उठला. टॉवेल घेतला, आपल्या हाताने फेस पुसला, अर्ध्या दाढीने रस्ता ओलांडून गेला. अकरा महिने झाले. घरी करतो दाढी. कापून घेतो, मूर्ख — गालाला कागद चिकटवलेला असतो, इथून दिसतो मला. आता खेळ सुरू झाला की मी आरशावर टॉवेल टाकतो. पण ते रस्त्यापलीकडून थोडंच दिसतं?

त्याचं राज्य? आहे ना. त्याची चाल आली की मी डोळे मिटून पुढे ढकलतो. माझी फौज अजून त्याच्या वेशीभोवती उभी आहे — आत जात नाही, हेदी-लसादने हात घालू नये म्हणून. लसाद म्हणतो, म्हातारा खुळावला.

काय म्हणालात? हेदी म्हणाला, मुन्सिफची खुर्ची रिकामी आहे, आजपासून ते राज्य तुम्ही खेळा?

उठा. — उठा म्हणतो ना! राहू दे तो फेस. अर्धी झालीय हे मला दिसतंय, मी न्हावी आहे. दारातून सरळ रस्ता ओलांडा, त्याच्या दुकानावरून जा, तोंड झाकू नका. त्याने विचारलं तर सांगा, तिजानीने हाकललं. कशासाठी ते सांगू नका.

मास्तर — थांबा. सांगा. तेही सांगा. जा आता.