झिंग्यांसाठी ठिबकचे जोड

सासरे, आमचे अप्पा, कसे आहेत, असं कोणी विचारलं की मी हेच सांगते. पितळी जोडातून आलेल्या पाण्यानं माझ्या चिऊच्या काचेच्या टाकीतले झिंगे मेले, पितळेतलं तांबं त्यांना विषारी; तेव्हा पोरगी जेवलीच नाही. नवे आणले, पण आरओच्या नळीला प्लॅस्टिकचे जोड औरंगपुऱ्यात मिळेनात. "ताई, पितळीच घ्या, जन्मभर टिकंल," दुकानदार म्हणायचा. मी घाबरट, नवेही मरतील म्हणून फोनवर अप्पांपाशी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा सोयगावहून एसटीनं हजर, पिशवीत शेतातले ठिबकचे प्लॅस्टिकचे जोड. त्यांनीच बसवले. मग टाकीत डोकावले.

"एवढुशाचं कालवण कसं व्हायचं?"

"अप्पा, पाळलेत हो."

"व्हय? मंग जगतील आता. तू कालपास्नं उपाशी दिसतीस. चार घास खाय आधी."